चार बोटं पाणी

उत्तराने तीच ओळ पुन्हा टाइप केली, एंटर दाबलं आणि हनुवटीला मूठ टेकवून पडद्याकडे बघत बसली. अक्षरं भराभर वर सरकली, पट्टी भरत गेली आणि शेवटी लॅपटॉपने कळवलं, की आलेख काढून देणाऱ्या तयार आज्ञांची लायब्ररी व्यवस्थित बसली आहे. तिने प्रोग्रॅम सुरू केला. त्याच लॅपटॉपने लगेच कळवलं, की अशी कुठलीही लायब्ररी इथे नाही.

"झालं का?" ओसरीवरून नानांनी विचारलं.

"होतंय," ती म्हणाली.

दुपारपासून ती एवढंच म्हणत होती. मखमलाबादच्या या घरात मोबाईलवर इंटरनेट मिळायचं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, म्हणून लॅपटॉप ओट्यावर आणि ती डब्यांच्या फळीखालच्या स्टुलावर. लॅपटॉप नवा, त्यामुळे सगळं पहिल्यापासून बसवायचं. त्यात ती काही संगणकवाली नव्हे. निफाडच्या कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता प्राध्यापकांच्या एका कार्यशाळेत तिने पायथन या संगणकभाषेची तोंडओळख करून घेतली होती. तोंडओळखीवर किती दिवस संसार चालणार? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

काम सांगायला अगदी साधं होतं. अंगणातल्या बोअरच्या पाण्याची मापं नानांनी फोनवरच्या तक्त्यात भरून ठेवली होती. त्यांचा आलेख काढायचा आणि विश्वेशला पाठवायचा. विश्वेश तिचा धाकटा भाऊ. गंगापूर रोडला त्याचा फ्लॅट, बँकेत नोकरी. उद्या सकाळी त्याने नानांसाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि त्यांच्यापुढे ठेवायला त्याला हातात काहीतरी हवं होतं.

नाना म्हणजे या दोघांचे वडील, ढुंढिराज गुरुजी. पंचवटीत यजमानांची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला. मखमलाबादला घर बांधलं तेव्हा त्यांनी अंगणात खोल बोअर मारून घेतली. पुढे नळ आला, मोटार जळाली, बोअर झाकण घालून तशीच पडून राहिली. आई गेल्यानंतरच्या दिवाळीत, बागेसाठी नवी मोटार बसवावी का हे बघायला नानांनी झाकण काढून आत मोजायची फीत सोडली. सकाळी एक माप आलं, दुपारी दुसरं. चार बोटांचा फरक. आजूबाजूच्या द्राक्षबागा कालव्याच्या पाण्यावर, जवळपास दुसरी बोअर नाही, मोटार नाही. नानांनी संध्याकाळी पुन्हा फीत सोडली. मग रात्री. तेव्हापासून त्यांची ती मापं सुरूच होती. म्हाताऱ्या माणसाची झोप तुकड्यातुकड्यांची असते; जाग आली की ते बॅटरी घेऊन अंगणात जात.

पाणी आपोआप वरखाली होतं, असं त्यांनी विश्वेशला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. विश्वेश आधी हसला. मग त्याचं हसणं बंद झालं. एकदा नानांच्या हातून गॅसवर दुधाचं पातेलं जळलं, मग पुन्हा जळलं. आणि गेल्या आठवड्यात विश्वेशने तो तक्ता उघडून बघितला.

"ताई, तू तारखा बघ फक्त," तो फोनवर म्हणाला होता. "रात्री दहाचं माप सोळा तारखेचं. त्यानंतरचं पहाटे तीनचं, तेसुद्धा सोळाच. मग सकाळी एकदम सतरा. एकदा नाही, रोज असंच. त्यांना दिवस कळेनासे झालेत गं."

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज चिरकला होता. विश्वेश तसा रडणारा माणूस नाही. डॉक्टरांनी तेच सांगितलं तर घराला कुलूप लावायचं आणि नानांना फ्लॅटवर आणायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. नानांनी डॉक्टर आणि फ्लॅट दोन्हींनाही साफ नकार दिला होता. आणि उत्तराची खरी पंचाईत ही, की मनातून ती भावाच्याच बाजूची होती. बोअरचं पाणी कुणी न उपसता वरखाली होत नाही, एवढा भूगोल तिला येत होता.

लायब्ररीचा घोळ अखेर सापडला तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. लॅपटॉपवर पायथन दोन होते. एक कार्यशाळेच्या पेनड्राइव्हवरून आलेला, दुसरा तिने काल स्वतः उतरवून घेतलेला. लायब्ररी पहिल्याच्या घरात मुक्कामाला आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच्या दारात उभा राहून हाका मारतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने जुना पायथन काढून टाकला, लायब्ररी पुन्हा बसवली आणि या वेळी प्रोग्रॅम मुकाट्याने पुढे गेला.

पुढे गेला तो तक्त्यापाशी येऊन अडला. मापं त्याला आकडे वाटेनात, अक्षरं वाटत होती. एक्सेलने तर कालच हात टेकले होते. कारण उघड होतं. नानांनी सगळं मराठी कळफलकावर भरलं होतं, अठराचा एकही देवनागरी आणि आठही देवनागरी. तिने शून्यापासून नऊपर्यंत एकेका अंकाला त्याचा इंग्रजी जोडीदार नेमून दिला. दहा ओळींचं काम, पण ते करताना तिला बरं वाटलं. मग तिने आलेख काढायला सांगितला आणि पडद्यावर निळी रेघ उमटली.

रेघ कसली, गुंता होता. थोडी पुढे जायची, मग सपकन उलटी वळून मागे यायची, पुन्हा पुढे. हाताने टीप घालताना सुई जशी मागे येऊन पुढे जाते तसं रोज, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. विश्वेश म्हणाला ते खरं होतं. पहाटेचं प्रत्येक माप आदल्या सकाळच्याही मागे जाऊन बसलं होतं. डॉक्टरांना यापेक्षा वेगळा पुरावा लागला नसता. तिने चित्र जतन केलं, फोनवर घेतलं, विश्वेशचं नाव उघडलं आणि तिचा अंगठा तिथेच थांबला. पाठवण्याआधी एकदा तरी त्या माणसाला विचारायला हवं होतं.

नाना ओसरीवर पाय सोडून बसले होते. बागेत कुठेतरी औषध फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत होता. ती त्यांच्याशेजारी बसली, इकडचं तिकडचं बोलली, मग तक्त्यातली एक ओळ पुढे धरून तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाना, हे पहाटे तीनचं माप. हे कुठल्या दिवशीचं?"

त्यांनी चष्मा वर केला. "मंगळवारचं. सोळा तारखेचं. लिहिलंय की."

"मंगळवारी रात्री दहाला एक माप घेतलंत. त्यानंतर तीन वाजले. म्हणजे बुधवार झाला ना?"

नानांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला पुन्हा पाचवीत गेल्यासारखं वाटलं.

"बुधवार कसा होईल? सूर्य उगवायचा होता अजून."

नाना पुन्हा ट्रॅक्टरच्या आवाजाकडे वळले, जणू त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आणि खरंच नव्हतं. हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? तिचा स्वतःचा जन्म पहाटे चारचा. दाखल्यावरची तारीख बघितली तर त्या दिवशी गुरुवार येतो. घरात मात्र ती जन्मभर बुधवारची होती. तिची पत्रिका बुधवारची, तिथी बुधवारची, लहानपणी हट्ट केला की आई म्हणायची, बुधवारची ना, करणारच. उजाडेपर्यंत दिवस बदलत नाही, ही गोष्ट ती ज्या घरात शिकली त्याच घरातल्या माणसाला दिवस कळत नाहीत असं तिने मान्य केलं होतं. विश्वेशनेही. दोघं बहीणभाऊ मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या नोकऱ्या करून इतके सरावले होते, की बापाचा दिवस कुठे सुरू होतो हे विसरून गेले. तिला भयंकर लाज वाटली.

ती आत गेली आणि तिने एक ओळ वाढवली. सकाळी सातच्या आधीचं माप असेल, तर तारीख एकाने पुढे ढकल.

रेघ सुटली. बहुतेक सगळीकडे सुटली, काही ठिकाणी मात्र गाठी राहिल्या. सातच्या पुढेमागे घेतलेली मापं कधी आदल्या दिवसात होती, कधी त्या दिवसात. ही मात्र नानांची चूक, असं मनात येतं न येतं तोच तिची नजर फ्रिजशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. सूर्योदय काही रोज सातला होत नाही. डिसेंबरात आधी होत होता, जानेवारीत सातनंतर, आता पुन्हा मागे यायला लागला होता. तिने त्याची आणि त्याच्यामागेच टांगलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटून सूर्योदयाच्या वेळा तक्त्यात भरल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

एकही गाठ उरली नाही. एवढ्या दिवसांत, रात्रीबेरात्री, झोपेतून उठून, त्या माणसाने एकही तारीख चुकवली नव्हती.

विश्वेशला फोन करायला तिने हात पुढे केला, पण तो लॅपटॉपच्या कडेवरच राहिला, कारण आता कुठे तिने रेघेकडे नीट बघितलं. इतका वेळ ती तारखाच बघत होती. मापांकडे तिने लक्षच दिलं नव्हतं.

पाणी वर चढत होतं, खाली उतरत होतं. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. चढउतार गोल होता, कुणी मोटार लावून उपसल्यासारखा तुटक नव्हता. एकेक लाट सुटी होती आणि प्रत्येक दिवसाची लाट आदल्या दिवसाच्या लाटेपेक्षा थोडी उशिरा येत होती, पाऊण-एक तास. ती हा आकार ओळखत होती. दरवर्षी दुसऱ्या सत्रात ती तो फळ्यावर काढायची. मुंबईच्या बंदराचा, रत्नागिरीच्या बंदराचा. खाली लिहायची, भरती आणि ओहोटी.

तिने चित्र लांबवर ओढून सगळे महिने एकत्र पडद्यावर आणले. लाटा काही दिवस फुगत जात, मग बारीक होत, पुन्हा फुगत. फुगलेल्या जागांच्या तारखा घेऊन ती कॅलेंडरपाशी उभी राहिली. पहिल्या फुगवट्याच्या तारखेशेजारी काळा ठिपका होता. दुसऱ्याच्या तारखेशेजारी पांढरा. मग काळा. मग पांढरा. अमावास्या, पौर्णिमा, अमावास्या, पौर्णिमा. तिच्या अंगावर काटा आला.

इथे कुठला समुद्र? मध्ये अख्खा सह्याद्री उभा. पण कधीतरी एका जाड संदर्भग्रंथात वाचलेला एक परिच्छेद तिला आठवला. परीक्षेला विचारत नाहीत म्हणून तिने तो कधी शिकवला नव्हता. चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो. ज्याला आपण अढळ म्हणतो तो खडक रोज दोनदा वीतभर वर येतो आणि परत खाली जातो. वर येताना तो किंचित पसरतो, त्याच्या भेगा उघडतात, आणि खोल कोंडलेलं पाणी त्या भेगांत उतरतं. म्हणजे चंद्र डोक्यावर आला, की विहिरीत पाणी खाली. हे कुठेकुठे, अगदी योग्य जागी खोदलेल्या बोअरमध्ये दिसतं, असं त्या परिच्छेदात होतं. नानांच्या अंगणात, तुळशीपासून चार पावलांवर, ते दिसत होतं.

वाचलेलं एक आणि बघितलेलं एक. ती चप्पल न घालताच अंगणात गेली.

पूर्वेला बागांच्या वर चंद्र आलेला होता, पौर्णिमेच्या थोडा अलीकडचा, अजून उजेड असल्यामुळे फिकट. तो चढत होता. म्हणजे पाणी उतरत असायला हवं. तिने बोअरचं झाकण काढलं, नाना करत तशी पोलादी फीत खडूने घासली, खाली सोडली आणि वर ओढली. खडू जिथे ओला झाला होता तिथला आकडा तिने मनात धरला. नाना ओसरीवरून बघत होते. तिने चहा केला. दोघांनी तो घेतला. ऊन बागेवरून सरकून गेलं आणि चंद्राला रंग चढायला लागला. मग तिने पुन्हा फीत सोडली.

बोटभर, त्याहून थोडंसं जास्तच. पाणी खाली गेलं होतं.

तिने एक हात बोअरच्या लोखंडी कडेवर ठेवला. लोखंड गार आणि स्थिर होतं. पायाखालची फरशी स्थिर होती, भिंत, तुळस, नानांची काठी, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि हे सगळं, तिच्यासकट, त्या फिकट चंद्राकडे हळूहळू उचललं जात होतं. इतकी वर्षं ती पृथ्वीबद्दल शिकवत होती; आज पहिल्यांदा तिला पृथ्वीची भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

तिने लॅपटॉप ओसरीवर आणून नानांच्या मांडीवर ठेवला. काय दिसतंय ते सांगायला सुरुवात केली, लाटा, चंद्र, अमावास्या, आणि मध्येच थांबली. नाना ऐकत नव्हते. ते बोटाने रेघ गिरवत होते. वर, खाली, वर, खाली. पडद्याच्या टोकाशी बोट पोचलं, की पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे पाणीच होतं हे," शेवटी ते म्हणाले.

"पाणीच होतं, नाना. तुम्ही बरोबर होतात. अगदी एकेक माप."

"मला वाटलं, मी असेन."

तिला कळलं नाही. नानांनी रेघेवरचं बोट काढलं.

"ती दुधाची पातेली जळली ना, तेव्हा विश्वेश इथे उभा राहून फोनवर बोलत होता तुझ्याशी. ऐकलं मी. त्याला वाटलं मी झोपलोय. म्हटलं, बोलतोय त्यात तथ्य असेलही. मलाही कधीकधी शब्द आठवत नाहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी नुसतीच गंमत म्हणून घ्यायचो मापं. त्यानंतर ठरवलं, एकही चुकवायचं नाही. एक दिवस तरी कुणीतरी तपासेल आणि सांगेल, पाणी हलतंय की हा म्हातारा."

उत्तराने त्यांचा हात हातात घेतला. आपण आलेख काढून विश्वेशला पाठवायलाच आलो होतो, हे ती त्यांना सांगू शकली नाही. तिने सांगितलं ते दुसरंच. नुसतं पाणी हलत नाही, नाना. जमीनच हलते. ही ओसरी, हे घर, सगळं नाशिक. रोज दोनदा वीतभर वर जातं आणि खाली येतं.

नानांनी अंगणाकडे बघितलं. मग दोन्ही पाय ओसरीच्या खाली टेकवले, तळवे पूर्ण, आणि तसेच बसून राहिले. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, संध्येला बसल्यावर मन लागलं की बसत तसे.

"आणि कुणाला कळत नाही," ते म्हणाले.

"सगळंच एकदम हलतं ना. कळणार कसं?"

फोन वाजला. विश्वेश होता. आलेख झाला का, उद्या डॉक्टरांना दाखवायला मिळेल ना, नाना काय करताहेत, तो एकामागून एक विचारत होता, आणि त्याच्या आवाजातली धास्ती स्पीकर न लावताही बाहेर ऐकू येत होती. कुठून सुरुवात करावी हे उत्तराला सुचेना. सूर्योदयापासून की चंद्रापासून? तेवढ्यात नानांनी हात पुढे केला आणि तिने फोन त्यांना दिला.

"विश्वेश, उद्या सकाळी ये रे न्यायला," ते म्हणाले. "येतो मी डॉक्टरांकडे. काय ते बघू दे त्यांना."

पलीकडून विश्वेश काहीतरी बोलला, खूप हळू.

"अरे, रडतोस काय?" नाना म्हणाले. त्यांचे तळवे अजून जमिनीवरच होते. "ठिकाणावर आहे मी."